गॅरेजचे निवासी खोलीत रूपांतर

घराला लागून वाहन ठेवण्यासाठी बांधलेल्या जागेत फेरफार करून ती माणसांच्या कायम वास्तव्यास योग्य करणे, यास गॅरेजचे निवासी खोलीत रूपांतर म्हणतात. मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द वाहनदुरुस्तीच्या दुकानासाठीही रूढ आहे; येथे तो केवळ घरच्या गाडीखान्याच्या अर्थाने घेतला आहे. पाया, भिंती आणि छप्पर आधीच उभे असल्याने नवी खोली बांधण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा ठरतो की नाही, हे बहुतांशी जमिनीच्या पातळीवर आणि छपराच्या उंचीवर अवलंबून असते.

कोकणातील स्थिती

कोकणातील ग्रामीण घराला स्वतंत्र गॅरेज क्वचितच असते. गाडी पडवीत, गुरे गेल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात किंवा घराच्या भिंतीला टेकवून उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जिते हे गाव मुंबई–गोवा महामार्गाच्या पट्ट्यात असून पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही आसपासची गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यामुळे या परिसरात घराला लागून असलेल्या छपराखालच्या जागेवर एकाच वेळी तीन गरजांचा दावा असू शकतो: वाहन, मूर्तिकाम आणि वाढत्या कुटुंबाला हवी असलेली खोली.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. गाडीला ओली जमीन चालते. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्याला चालत नाही.

जोते आणि उंची

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या इमारतीचे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सें.मी. उंच असावे लागते. गॅरेजला मात्र १५ सें.मी. पुरतात. राहत्या खोलीची आतील उंची किमान २.७५ मी. हवी, गॅरेजला २.४ मी. चालते. ही संहिता मार्गदर्शक स्वरूपाची असून स्थानिक नियमावलीतील आकडे काहीसे वेगळे असू शकतात. तथापि दोन्ही प्रकारच्या बांधकामांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते. नियमापुरते बांधलेले गॅरेज खोलीच्या जोत्यापर्यंत आणायचे तर जमीन ३० सें.मी. उचलावी लागते. मग डोक्यावर २.१ मी. उरतात, म्हणजे छत ६५ सें.मी. कमी पडते. स्वस्तातले म्हणून हाती घेतलेले अनेक बेत या ६५ सें.मी.पाशी येऊन अडतात.

छत काँक्रीटच्या स्लॅबचे असेल तर ते उचलणे म्हणजे नवे बांधकामच होय. मुळातच उंच बांधलेले गॅरेज नसेल, तर अशा ठिकाणी रूपांतराचा विचार सोडून देणेच काटकसरीचे ठरते. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराची गोष्ट निराळी आहे. उतरत्या छपराला संहिता सरासरी २.७५ मी. उंची मागते आणि सर्वांत खालच्या बाजूस २.४ मी. मोकळी जागा ठेवते. एकाच बाजूस उतार असलेल्या शेडची खालची कड २.४ मी. आणि वरची ३.१ मी. ठेवली की हे गणित जुळते. तीस सें.मी. भराव घालूनही हे साधायचे तर खांब व भिंती वाढवाव्या लागतात, पण छपराचे जुने लोखंड आणि पत्रे बहुधा पुन्हा वापरता येतात. मात्र वाढीव उंचीला वाऱ्याचा जोर अधिक बसत असल्याने सांध्यांची तपासणी जाणकाराकडून करून घेणे आवश्यक असते.

२.५ मी. × ५ मी. मापाच्या गॅरेजचे क्षेत्रफळ १२.५ चौ.मी. भरते. राहत्या खोलीला लागणारे ९.५ चौ.मी. क्षेत्र आणि २.४ मी. रुंदी या अटी त्यात बसतात. पण रुंदीत शिल्लक केवळ १० सें.मी. राहते. ओल झाकण्यासाठी दोन्ही लांब भिंतींना आतून जाड तक्ते ठोकले तर तीही संपते.

ओल आणि लोणा

खर्चाचा पहिला वाटा जमिनीवर पडावा, फरशीवर नव्हे. गॅरेजच्या कोब्याखाली ओल रोखणारा थर सहसा नसतो. इंजिनाचे तेल मुरलेला कोबा तर नव्या काँक्रीटला धरूनही ठेवत नाही. तेवढा भाग फोडून काढावा लागतो. त्यावर मुरुमाचा भराव थराथराने पाणी मारून धुम्मस करणे, त्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद कडांना भिंतीवर वळवून अंथरणे आणि मग काँक्रीट टाकणे, असा क्रम असतो. वरील मापाच्या खोलीत ३० सें.मी. उंचीसाठी एकूण ३.७५ घनमीटर जागा भरून काढावी लागते. त्यांपैकी १० सें.मी. काँक्रीट धरल्यास ते १.२५ घनमीटर होते.

भिंतींतील ओल अधिक चिवट असते. विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतील पाणी वर चढते आणि बाष्पीभवन होताना आपल्याबरोबर आणलेले क्षार पृष्ठभागाशी सोडते. हे क्षार स्फटिकरूप होताना फुगतात व गिलावा सुटतो. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. खाडीलगतच्या खारपट्ट्यात जमिनीतच मीठ असल्याने हा दोष तीव्र होतो. त्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढवणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत व्यर्थ उपाय आहे. पाणी अडत नाही, ते फक्त आणखी वर चढते. जुना गिलावा काढून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवणे, क्षार कोरड्या ब्रशने झाडणे आणि नंतर चुन्याचा श्वास घेणारा गिलावा करणे हे सावकाशीचे, पण कमी खर्चाचे काम आहे. छपराला पन्हळ लावून पागोळीचे पाणी पायापासून दूर नेल्याने भिंतीच्या तळाशी मुरणारे पाणी बरेच कमी होते.

दिवाळीनंतर सुरू केलेले काम मृगाआधी आटोपता येते. अंतिम रंगकाम व कपाटे यांसाठी एक पावसाळा थांबणे हिताचे असते, कारण ओलीचे खरे ठिकाण आषाढ-श्रावणातच दिसते.

उजेड, वारा, उष्णता

उष्ण व दमट हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ, दारे वगळून, जमिनीच्या एक षष्ठांश असावे असा संहितेचा निकष आहे. १२.५ चौ.मी. खोलीला ते सुमारे २.१ चौ.मी. होते. रोलिंग शटर काढून त्या जागी भिंत, दार आणि खिडकी बसवल्याने यातील मोठा भाग साधतो; समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी असल्याखेरीज वारा मात्र खेळत नाही. शटर तसेच ठेवून आत राहणे धोक्याचे आहे: आग लागल्यास बाहेर पडण्याची तीच एक वाट असते. खोलीच्या एका कोपऱ्यात दुचाकी वा पेट्रोल ठेवण्याची सवयही रूपांतरानंतर सोडावी लागते.

उघड्या पत्र्याखाली चैत्र-वैशाखात दुपारी बसवत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग देणे आणि खाली मोकळी फट सोडून हलके छत लावणे, एवढ्याने बराच फरक पडतो. जुने पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतील तर ते कापू वा छिद्रू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

शौचालय जोडण्याचा मोह अंदाजपत्रक सर्वाधिक बिघडवतो. दहा सें.मी. व्यासाच्या मैलानळीला साधारणपणे ४० मीटरमागे १ मी. उतार लागतो आणि गॅरेज घरापेक्षा खाली असल्याने तो अनेकदा मिळत नाही.

परवानगी

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेत वापरातील महत्त्वाचा बदलही येतो. त्यामुळे भिंती न हलवता गॅरेजची खोली केली तरी परवानगीचा प्रश्न संपत नाही. गावठाणातील बांधकामास ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ५२ लागू होते. गावठाणाबाहेर संबंधित नियोजन प्राधिकरण किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. पेण तालुक्याचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशात असल्याने आपला गट क्रमांक कोणाच्या अखत्यारीत आहे, हे आधी पाहणे इष्ट असते. काम झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील मिळकतीची नोंदही बदलून घ्यावी लागते.

सदनिकांच्या इमारतींत हा मार्ग जवळपास बंद आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या दहिसरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी इमारतीच्या खांबांमधील वाहनतळ हे गॅरेज नसून विकासकाला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नेही छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेसच गॅरेज मानले आहे. याउलट अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घरटंचाईमुळे अशा रूपांतरास उत्तेजन दिले असून, २०२० पासून तेथे रूपांतरित गॅरेजच्या बदल्यात नवी वाहनजागा दाखवण्याची सक्ती उरलेली नाही.