कुंडल रोडची किर्लोस्करवाडी

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी कऱ्हाड मागे टाकून कृष्णेच्या खोऱ्यात खोलवर शिरली, आणि दोन्ही बाजूंच्या उसाच्या हिरव्या पट्ट्यांमधून काळ्या रानाचे ताजे नांगरलेले तुकडे डोकावू लागले, म्हणजे ताकारीनंतर थोड्याच वेळात एक बेताचे स्थानक लागते आणि त्याच्या पाटीवर 'किर्लोस्करवाडी' ही अक्षरे दिसतात. एखाद्या घराण्याच्या आडनावावरून वाडी ओळखली जाणे ही आपल्या मुलखात नवलाची गोष्ट नव्हे. डोंगरकुशीला अशा शेकडो वाड्या आहेत. परंतु जिच्यासाठी रेल्वेने आपल्या स्थानकाचे जुने नाव पुसून नवे लिहिले अशी वाडी विरळाच. हे स्थानक पूर्वी 'कुंडल रोड' म्हणून ओळखले जाई. कुंडल हे जवळचे मोठे गाव; त्या गावाकडे जाणारा रस्ता येथून फुटतो एवढीच या जागेची ओळख होती, आणि रस्त्याशिवाय येथे दुसरे सांगण्यासारखे काही नव्हतेही.

1910 साली येथे जे होते ते बत्तीस एकर माळरान होते. त्यावर निवडुंग माजलेला होता आणि निवडुंगाच्या जाळ्यांत नागांची वस्ती होती. त्या वर्षाच्या मार्च महिन्याच्या 10 तारखेस लक्ष्मणराव किर्लोस्कर आपले बिऱ्हाड, आपली यंत्रे आणि आपल्यावर भिस्त ठेवून निघालेली काही माणसे घेऊन या माळावर उतरले. उन्हाळा तोंडावर आलेला, छप्पर नाही, सावली नाही. अशा ठिकाणी मनुष्य आपण होऊन का येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे दोन गावांच्या दोन वेगवेगळ्या वर्तनांपाशी येऊन थांबावे लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईत ते चित्रकला शिकावयास गेले, यंत्रविद्येत रमले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पण बढती डावलली गेल्याने ती नोकरी सोडून बेळगावास परतले. तेथे वडील बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. कारखाना लहान होता, पण त्याचा जम बसत चालला होता. त्याच सुमारास नगरपालिकेस शहराची नवी वसाहत वसविण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली, आणि किर्लोस्करांना तेथून उठणे भाग पडले.

नगरपालिकेने यात बेकायदेशीर असे काही केले नाही. शहरास जागा लागते, आणि जागा घेण्याचा अधिकार नगरपालिकेस असतो. परंतु ज्या दप्तरात घरांचे आराखडे मांडले गेले, त्या दप्तरात त्या लहानशा कारखान्याची नोंद केवळ एक अडथळा म्हणून व्हावी, आणि हा माणूस उद्या काय करू शकेल याचा विचार कोणाही सभासदाच्या मनास शिवू नये, ही गोष्ट मनाला लागते. बेळगाव पुढे स्वतःच्या बळावर ओतीव कामाचे आणि फौंड्रींचे शहर म्हणून नावारूपास आले, हे त्या शहराच्या कारागिरांचे श्रेय होय. तथापि किर्लोस्कर गेले ते गेलेच.

ते गेले औंधाकडे. औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील एक लहान संस्थान. विस्तार 501 चौरस मैल, गावे 72, आणि तीही एका सलग पट्ट्यात नव्हे. राजधानी खटावच्या बाजूस, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, अशी ती सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांप्रमाणे इंग्रजी मुलखात विखुरलेली. 1909 च्या नोव्हेंबरात या संस्थानाच्या गादीवर भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आले. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे आग्रही प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. किर्लोस्करांनी औंधात एका मंडपाच्या उभारणीचे काम केले होते, आणि त्या कामाच्या निमित्ताने बाळासाहेबांनी या माणसाची हातोटी, हिशेबाचा चोखपणा आणि शब्दाची किंमत जवळून पाहिली होती. बेळगावचे संकट कानी येताच त्यांनी लक्ष्मणरावांस आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले, आणि संस्थानच्या खजिन्यातून दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. गादीवर येऊन उणेपुरे सहा महिनेही न झालेला हा संस्थानिक, उत्पन्न बेताचे, सल्ला देणारे कारभारी अनेक. पण अर्ज, चौकशी, शेरा, पुन्हा चौकशी, तहकुबी या मार्गाने हे प्रकरण गेले असते तर कारखान्याची यंत्रे बेळगावातच मोडीत निघाली असती. बाळासाहेबांनी अर्ज पाहिला नाही, अर्जदार पाहिला. जमीन तर त्या काळी कोणत्याही संस्थानात पडीक होतीच. औंधाने जे दिले आणि इतरांनी दिले नाही ते जमिनीहून मोलाचे होते, आणि ते म्हणजे त्वरेने दिलेला व नंतर न फिरविलेला शब्द.

जागा निवडताना लक्ष्मणरावांनीही कारखानदाराची दृष्टी ठेवली. राजधानीच्या छायेत, दरबाराच्या नजरेसमोर राहणे सोयीचे वाटले असते. त्यांनी पसंत केला तो रूळ. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग संस्थानच्या हद्दीस कुंडलपाशी स्पर्श करी, आणि बिडाचे लोखंड व कोळसा आत आणावयाचा, नांगर बाहेर पाठवावयाचे, तर मालगाडीवाचून गत्यंतर नव्हते. त्याच सुमारास तिकडे छोटानागपुरात साकची गावी टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. त्या अवाढव्य उद्योगापुढे कुंडल रोडची ही छपरी कोणाच्या खिजगणतीतही नसणार. पण नकाशा समोर ठेवून जागा ठरविण्याची रीत दोन्हींकडे एकच होती.

वसाहतीच्या पहिल्या काळाची हकीकत मोठी वाचनीय आहे. रामूअण्णांनी वस्तीची आखणी, रस्ते, पाणी, घरे यांची जबाबदारी उचलली. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रांची बाजू सांभाळली, मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची. रात्रीच्या पहाऱ्यासाठी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या दोघांची नेमणूक झाली, आणि ते विश्वासू पहारेकरी म्हणून ओळखले जाऊ लागले. वस्तीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक लक्ष्मणरावांनी घातला. ही गोष्ट 1910 नंतरच्या दशकातील आणि कुंडलसारख्या खेड्याच्या शेजारची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. कारखाना उभा करताना ते एक गाव उभे करीत होते, आणि त्या गावात राहावयास माणसांचे मन व्हावे यासाठी झटत होते.

नांगराची गोष्ट मात्र जरा जवळून पाहण्यासारखी आहे. काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा बसला की त्यांची मुळे खोल जातात, आणि लाकडी नांगराचा फाळ वरची माती उकरून पुढे सरकतो. मुळे जिथल्या तिथे राहतात. लोखंडी नांगराची घडण निराळी. त्याचा फाळ जमिनीत खोल घुसतो आणि फाळामागची वळणदार पाटी उचललेली ढेप पालथी घालते, त्यामुळे तणाची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. हे प्रत्यक्ष रानात दाखविल्यावाचून कोणास पटणार? लोखंडाने जमीन नासते, ती विषारी होते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत खजिन्याच्या कर्जाचा तगादा लागला असता तर ही हकीकत येथेच संपली असती. पुढे नांगराचा खप वाढला तो असा की विलायती नांगरांशी त्याने बरोबरी केली, आणि त्याच्या पाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, रहाट, पंप असे शेतकऱ्याच्या उपयोगाचे एकेक यंत्र या माळावरून गाडीत चढू लागले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडून किल्ल्यावरच्या निकामी जुन्या तोफा विकत घेतल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर केले. शेजारच्या दुसऱ्या संस्थानाने केलेले हे साह्यही विसरता कामा नये. एका गावाचा उद्योग हा साऱ्या प्रदेशाचा उद्योग असतो ही जाण त्या काळच्या काही संस्थानिकांत होती. इचलकरंजीच्या जहागिरीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला तो जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने, आणि रेल्वे नसलेले ते गाव वस्त्रनगरी झाले. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचेचा कारखाना उभा राहिला तोही औंधच्याच हद्दीत, आणि तेथील 'प्रभाकर' कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्राच्या एका पिढीने अभ्यास केला. या वाडीपासून जवळच भिलवडीस 1939 साली चितळ्यांचा दुग्धव्यवसाय सुरू झाला, त्याच लोहमार्गाच्या आधाराने.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे होते. पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली. ज्या टपालघरातून नांगरांच्या पावत्या जात त्याच टपालघरातून महाराष्ट्रभर हे अंक जाऊ लागले, आणि विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, विज्ञाननिष्ठा यांवरील वादविवादांना एका आडरानातील वाडीचा पत्ता लाभला. मुंबई-पुण्याबाहेर राहूनही मराठी विचारविश्वाच्या मध्यभागी उभे राहता येते, याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव 1926 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रविद्येची पदवी घेऊन परत आले, ते याच माळावर. घराण्याचा उद्योग पुढे येथे मावेना. 1941 मध्ये हरिहर, 1946 मध्ये पुणे व बंगळूर येथे नवे कारखाने निघाले. मग आले 1948. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या प्रक्षोभात फेब्रुवारीमध्ये या वाडीस आग लावण्यात आली आणि अडतीस वर्षांच्या श्रमांची मोठी हानी झाली. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर होते. पाठोपाठ 8 मार्च रोजी औंध संस्थान विलीन झाले. ज्या बाळासाहेबांनी 1939 मध्ये आपली सत्ता गावच्या पंचायतींच्या हाती सोपविली होती, त्यांचा दरबारही आता राहिला नाही. आश्रयदाता गेला, छप्पर जळाले. यंत्रे पुण्यास नेण्यास याहून सबळ कारण कोणते हवे होते? तरीही कारखाना तेथेच पुन्हा उभा राहिला. सवलतीसाठी आलेला उद्योग सवलत संपताच बाड-बिछाना गुंडाळतो. येथे मात्र शाळा होती, घरे होती, कुंडल-पलूसच्या दोन पिढ्यांच्या हाती आलेले कसब होते. शंतनुरावांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रास 'कॅक्टस अँड रोझेस' हे नाव दिले. निवडुंगाची ती आठवण या माळाची.

स्वातंत्र्यानंतर उद्योग जिल्ह्याजिल्ह्यांत पसरावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने यंत्रणा उभारली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1964 मध्ये मागास भागांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. त्यातून पुष्कळ भले झाले. पलूसलाही आज औद्योगिक वसाहत आहे. परंतु अनेक तालुक्यांच्या वसाहतींत आखलेले रस्ते, दिव्यांचे खांब आणि कुंपण घातलेले रिकामे भूखंड पाहताना वाटते की आपण बत्तीस एकरांचा धडा घेतला आणि दिलेल्या शब्दाचा सोडून दिला. भूखंड मिळतो, पण कारागिराच्या मुलांना शाळा, बायकोला दवाखाना, आणि कारखानदारास एकाच दारात सारे निर्णय मिळत नाहीत. मध्यम शहरांच्या नगराध्यक्षांना आणि तेथील अधिकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, लहान कारखाना घेऊन एखादा तरुण कचेरीच्या पायरीवर आला तर त्याला दोन घटका बसवून घ्यावे, त्याचे काम डोळ्यांनी पाहावे, आणि हो किंवा नाही ते त्याच महिन्यात सांगावे.

वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी पुणे-मिरज मार्गाने जाताना एखादे वेळी येथे उतरावे. औंधास जाऊन बाळासाहेबांनी 1938 साली उभारलेले संग्रहालयही पाहावे. त्यांनी कर्जाऊ दिलेल्या दहा हजार रुपयांतून उभ्या राहिलेल्या या वाडीत आजही पंप तयार होतात.