अ‍ॅथलेटिक क्लब, बिल्बाओ

अ‍ॅथलेटिक क्लब, बिल्बाओ : स्पेनमधील एक जुना व ख्यातनाम व्यावसायिक फुटबॉल क्लब. उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातील बिल्बाओ या औद्योगिक शहरी त्याचे ठाणे आहे. बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तेथील क्लबांत खेळाचे शिक्षण घेतलेल्या खेळाडूंनाच संघात स्थान द्यावयाचे, हा त्याचा शंभराहून अधिक वर्षांचा प्रघात होय. स्पेनची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९२९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून २०२५ पर्यंत सर्वोच्च श्रेणीतून एकदाही खाली न गेलेले क्लब तीनच. रेआल माद्रिद, बार्सेलोना व अ‍ॅथलेटिक. यांपैकी पहिल्या दोघांनी जगभरातून खेळाडू मिळविले, तर अ‍ॅथलेटिकने ते क्षेत्र आपणहून मर्यादित ठेवले. यामुळे त्याचा इतिहास क्रीडेपुरता न राहता बास्क समाजाच्या इतिहासाशी निगडित झाला आहे.

स्थापना व प्रारंभीचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिस्काय प्रांतातील लोहखनिज मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला निर्यात होऊ लागले. या व्यापाराबरोबर आलेले ब्रिटिश कामगार व खलाशी आणि इंग्लंडमध्ये शिकून परतलेले सधन बास्क तरुण यांच्याद्वारे फुटबॉलचा खेळ नेर्व्हिऑन नदीकाठी रुजला. क्लबाचे इंग्रजी नावही त्याच संपर्काची खूण होय. १८९८ हे स्थापनावर्ष मानले जात असले, तरी क्लबाची रीतसर स्थापना १९०१ मध्ये झाली. १९०२ मध्ये माद्रिद येथे भरलेली राज्यारोहण-चषक स्पर्धा अ‍ॅथलेटिक व ‘बिल्बाओ फुटबॉल क्लब’ यांच्या संयुक्त संघाने जिंकली. पुढील वर्षी या दोहोंचे एकत्रीकरण झाले. १९०३ च्या पहिल्या राजचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही अ‍ॅथलेटिकने माद्रिदवर ३–२ असा विजय मिळविला. तो पाहून माद्रिदमधील बास्क विद्यार्थ्यांनी तेथे क्लबाची शाखा काढली. तिच्यातूनच पुढे अ‍ॅत्लेतिको माद्रिद हा क्लब उदयास आला. क्लबाचा मूळ पोषाख निळा-पांढरा होता. इंग्लंडमधून तशा रंगाचे सदरे आणण्यास गेलेल्या सभासदास ते न मिळाल्याने त्याने साउदॅम्प्टनच्या संघाचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे आणले आणि तेव्हापासून (१९१०) हेच रंग रूढ झाले, असे सांगतात.

१९१३ मध्ये सान मामेस हे क्रीडांगण बांधण्यात आले. त्यावरील पहिला गोल ‘पिचिची’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या राफाएल मोरेनो आरान्झादी (१८९२–१९२२) याने केला. त्याच्या अकाली निधनानंतर क्रीडांगणात त्याचा अर्धपुतळा बसविण्यात आला. तेथे प्रथमच येणाऱ्या संघाने त्यास पुष्पगुच्छ अर्पण करण्याची प्रथा आहे. स्पेनमधील साखळी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूस दिले जाणारे पारितोषिकही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

बास्क खेळाडूंचा प्रघात : आरंभीच्या संघांत इंग्रज खेळाडू सर्रास असत. १९११ च्या चषक स्पर्धेत परकीय खेळाडूंच्या समावेशावरून वाद उद्भवला. त्यानंतर, सुमारे १९१२ पासून, संघ केवळ स्थानिक खेळाडूंचा झाला. हा नियम क्लबाच्या घटनेत लिहिलेला नाही. तो केवळ संकेताने पाळला जातो. प्रशिक्षक मात्र परदेशी असण्यास हरकत नसे. फ्रेड पेंटलंड या इंग्रज प्रशिक्षकाने लांब टोल्यांऐवजी आखूड व अचूक चेंडूफेकीचा खेळ शिकविला. त्याच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९३० व १९३१ या दोन्ही वर्षी साखळी व चषक अशी दुहेरी विजेतीपदे पटकाविली. १९३१ मध्ये बार्सेलोनाचा १२–१ असा झालेला पराभव हा त्या क्लबाच्या इतिहासातील सर्वांत मोठा पराभव होय.

यादवी युद्ध व फ्रँको राजवट : १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा अ‍ॅथलेटिक साखळीविजेता होता. १९३७ मध्ये बास्क शासनाने निवडक खेळाडूंचा संघ परदेश दौऱ्यावर पाठविला. त्यात अ‍ॅथलेटिकचे अनेक खेळाडू होते. दौरा चालू असतानाच बिल्बाओ फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले. पुढे हा संघ मेक्सिकोस गेला व त्यातील अनेकांनी लॅटिन अमेरिकेतच खेळणे पसंत केले. घरी क्लबाला नवोदितांनिशी संघ नव्याने उभारावा लागला. परभाषिक नावांवरील बंदीमुळे १९४१ मध्ये क्लबास ‘अ‍ॅत्लेतिको’ हे स्पॅनिश नाव घ्यावे लागले. मूळ नाव १९७२ मध्ये परत मिळाले.

या पडत्या काळातच तेल्मो सारा (१९२१–२००६) हा असामान्य आघाडीवीर पुढे आला. साखळी सामन्यांतील त्याचा २५१ गोलांचा विक्रम २०१४ मध्ये लिओनेल मेसीने मोडला. १९५८ मध्ये अ‍ॅथलेटिकने तत्कालीन यूरोपविजेत्या रेआल माद्रिदला त्याच्याच मैदानावर चषकाच्या अंतिम सामन्यात २–० असे हरविले. ‘अकरा खेडूतांचा विजय’ म्हणून तो आजही ओळखला जातो. फ्रँकोच्या मृत्यूनंतर, ५ डिसेंबर १९७६ रोजी, गोलरक्षक व कर्णधार होसे आंखेल इरिबार आणि रेआल सोसिएदादचा कर्णधार कोर्ताबार्रिया यांनी तोवर निषिद्ध असलेला बास्क ध्वज मैदानावर संयुक्तपणे आणला. पुढील महिन्यातच त्यावरील बंदी उठली.

अर्वाचीन काळ : १९७१ मध्ये लेझामा येथे सुरू झालेले प्रशिक्षण केंद्र हा क्लबाचा कणा ठरला. हाव्हिएर क्लेमेंते याच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९८३ मध्ये साखळी, तर १९८४ मध्ये साखळी व चषक जिंकले. विजयी खेळाडू पडावात बसून नदीच्या पात्रातून शहरात आले व दोन्ही काठांवर लाखो लोक जमले. त्यानंतर परिस्थिती पालटली. शेजारच्या रेआल सोसिएदादने १९८९ मध्ये असाच प्रघात सोडून परदेशी खेळाडू घेतला आणि १९९५ च्या बॉसमन निवाड्याने यूरोपात खेळाडूंची बाजारपेठ खुली केली. अ‍ॅथलेटिकचे उत्तम खेळाडू श्रीमंत क्लबांकडे जाऊ लागले. त्यांच्या मोबदल्यात मिळालेल्या पैशातून विकत घेण्याजोगे बास्क खेळाडू मात्र थोडेच होते. २००७ मध्ये खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की शेवटच्या सामन्यातील विजयामुळे टळली.

या प्रघातावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आहे. तो वंशभेदाकडे झुकतो, असे काही म्हणतात; अ‍ॅथलेटिक आपले होतकरू खेळाडू पळवितो, अशी शेजारच्या क्लबांची तक्रार असते. वस्तुतः त्याचा अर्थ काळानुसार विस्तारत गेला आहे. आरंभी तो प्रामुख्याने बिस्काय प्रांतापुरता होता. पुढे नव्हारासह स्पेनमधील चारही व फ्रान्समधील तिन्ही बास्क प्रांत त्यात आले. नंतर जन्म अन्यत्र झालेले, पण खेळ येथे शिकलेले खेळाडूही स्वीकारले गेले. घानामधून आलेल्या दांपत्याचा बिल्बाओत जन्मलेला मुलगा इन्याकी विल्यम्स २०१६ ते २०२३ या काळात सलग २५१ साखळी सामने खेळला. वंशापेक्षा भूमी व घडण यांना महत्त्व आल्याचे हे उदाहरण होय.

२००२ मध्ये स्थापन झालेल्या महिला संघाने २०१६ पर्यंत पाच राष्ट्रीय विजेतीपदे मिळविली. २०१३ मध्ये जुन्या क्रीडांगणालगत सुमारे ५३,००० आसनांचे नवे सान मामेस उभे राहिले. क्लबाची मालकी सभासदांकडेच आहे. १९९० च्या कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागधारकांच्या कंपन्या व्हावे लागले, त्यातून वगळलेल्या चार क्लबांत अ‍ॅथलेटिक आहे. त्याने आठ वेळा साखळी विजेतेपद व महासंघाच्या गणनेनुसार २४ वेळा राजचषक मिळविला. शेवटचा चषक ६ एप्रिल २०२४ रोजी सेव्हिल येथे मायोर्कावर पेनल्टी-फटक्यांत मिळविलेल्या विजयाने लाभला. चाळीस वर्षांनंतर पडाव पुन्हा नदीत उतरला. तो पाहण्यास जमलेल्यांतील कित्येकांचा १९८४ मध्ये जन्मही झालेला नव्हता. साखळी विजेतेपद त्या वर्षानंतर मिळालेले नसतानाही आपणहून स्वीकारलेली मर्यादा सभासदांनी सोडलेली नाही, यातच या क्लबाचे वेगळेपण आहे.