रात्रीचा भोंगा जवळ कसा येतो?

दिवसा जिचा पत्ताही लागत नाही, त्या रेल्वेचा भोंगा हिवाळ्यात रात्री दोन-तीन किलोमीटरवरून घरामागून आल्यासारखा ऐकू येतो. ‘रात्री गोंगाट नसतो म्हणून’ हे उत्तर खरं, पण अर्धंच. ढगाळ रात्रही तितकीच शांत असते, तरी तेव्हा भोंगा सहसा एवढा ठळक येत नाही. खरी मेख हवेच्या थरांत आहे. आवाज म्हणजे हवेच्या कणांनी एकमेकांना दिलेला धक्का. गर्दीत रेटा पुढे सरकतो, माणसं जागेवरच राहतात, तसा. गरम हवेत हा रेटा लवकर पोचतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, पुढे दर अंशामागे साधारण ०.६ मीटर जास्त. फरक किरकोळ दिसतो खरा. पण बैलगाडीचं एक चाक चिखलात अडलं की गाडी त्याच अंगाला वळते. दुपारी तापलेल्या जमिनीलगत आवाज जोरात धावतो, वरच्या गार हवेत रेंगाळतो, म्हणून वर वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, गार थर खाली बसतो आणि आवाज जमिनीकडे झुकतो. ढग मात्र गोधडीसारखे जमिनीची ऊब राखतात. आणि जोराचा वारा सुटला, तर हे थरच ढवळून निघतात.