पेटकरांचे चार खेळ आणि भाग्यश्रीताईंचा गोळा

२८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात तिरंगा दोघांच्या हातात होता: भालाफेकपटू सुमित अंतिल आणि आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव. ताई एफ-३४ गटात गोळाफेक करतात. हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, पॅरिसमध्ये पाचवा नंबर.

आता जरा मागे जाऊ. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर फौजेत बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९६८ ला तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम आणि सुवर्ण. शिवाय त्याच स्पर्धेत भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलममध्येही फायनल गाठली!

मग आज असं फारसं का दिसत नाही?

एक मोठं कारण गट पाडायच्या पद्धतीत आहे. तेव्हा मणक्याला दुखापत कुठे झाली यावरून डॉक्टर गट ठरवायचे. आता प्रश्न बदललाय: या खेळात हे शरीर काय करू शकतं? १९९२ च्या बार्सिलोनापासून ही पद्धत पक्की झाली. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी एकच लॉगिन सगळीकडे चालायचं, आता प्रत्येक ॲपचं वेगळं. पोहण्यासाठी वेगळी तपासणी, ॲथलेटिक्ससाठी वेगळी.

एफ-३४ च बघा. 'एफ' म्हणजे फील्ड, म्हणजे फेकीचे प्रकार. ३४ म्हणजे स्नायूंचा ताण किंवा ताळमेळ बिघडलेले, बसून फेकणारे खेळाडू. खुर्ची जमिनीला घट्ट बांधलेली, बैठकीची उंची जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर, आणि फेकताना बूड उचललं की फाऊल. सगळा जोर खांद्यातून आणि धडातून. हे तंत्र भालाफेकीला थोडंफार उपयोगी पडतं, तलावात मात्र नाही. तिथे कोच वेगळा, सराव वेगळा, खर्चही वेगळा.

अजून एक, यात भल्याभल्यांचा घोळ होतो. यूडीआयडी कार्डावरची टक्केवारी म्हणजे खेळातला गट नव्हे. कार्ड सरकारी योजनांसाठी लागतं. गट मात्र त्या-त्या खेळाचे प्रशिक्षित तपासनीस ठरवतात.

म्हणून तुमच्या गल्लीत, वाडीवर, तांड्यावर असं कुणी पोरगं असेल तर 'याला गोळाच जमेल' असं आधीच ठरवू नका. दोन-तीन खेळ करून बघू द्या, मग एक धरू द्या. पेटकर आधी बॉक्सर होते, सुवर्ण मात्र पाण्यात मिळालं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!