वाघ्याचे पट्टे कुणाचे?

कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा रात्री भिजत घाला. सकाळी एक दाणा चिमटीत धरून दाबला की साल सुटते, आणि ज्यांच्यामुळे त्याला वाघ्या म्हणतात ते गर्द तांबडे पट्टे सालीबरोबरच निघून जातात. आत उरतात दोन पांढुरक्या डाळी आणि त्यांच्या बेचक्यात दडलेला इवलासा कोंब.

ती साल दाण्याची नव्हे, त्याच्या आईची. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हातातला दाणा कितीतरी वेळ बघत राहिलो. शेंगेत बी धरते तेव्हा बीजांडाभोवती आईच्याच पेशींचे आवरण असते, आणि तेच पुढे वाळून साल होते. कोंब मात्र दोघांचा. परागकणातून 11 गुणसूत्रे येतात, अंडपेशीत 11 असतात, दोन्ही मिळून 22. सालीच्या पेशीतही 22 च, पण ती सगळी आईची. म्हणजे ओट्यावरच्या त्या एका दाण्यात दोन पिढ्या एकमेकींना बिलगून असतात.

म्हणून सूप घेऊन बियाणे निवडणारी बाई पट्टे बघून जिची पारख करते, ती त्या दाण्याची आई असते. समजा, एखाद्या माशीने दुसऱ्या जातीचा पराग आणला आणि दाणा त्यावर भरला, तरी यंदा साल वाघ्याचीच राहील. भेसळ उघडी पडेल ती पुढच्या पावसाळ्यात, त्या दाण्यातून उगवलेल्या झाडाच्या शेंगा फोडल्यावर.

असे घडते क्वचितच. घेवड्याचे फूल पाकळ्या उघडण्याआधीच स्वतःच्या परागाने फळते. घरचे बियाणे वर्षानुवर्षे राखूनही वाघ्या वाघ्याच राहतो, तो यामुळे.

याच स्वभावाचा उपयोग डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी केला. घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, तिथून जगभर गेला. योहानसेन यांच्या हाती त्याची ‘प्रिन्सेस’ नावाची जात होती. एकेका दाण्यापासून त्यांनी 19 वेगळे वंश वाढवले. वंशावंशांत दाण्याच्या वजनाचा फरक टिकून राहिला, पण एकाच वंशातले मोठे दाणे वेचून पेरले तरी पुढची पिढी मोठी निघेना. त्या वंशातला लहानमोठेपणा शेंगेतली जागा, ओल आणि खत यांनी आणलेला होता, वारशाने आलेला नव्हता. हे 1903 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 1909 मध्ये त्या वारशाच्या घटकाला त्यांनीच ‘जीन’ हे नाव दिले. सूपवाल्या बाईची मेहनत यात वाया जात नाही. घरच्या बियाण्यात अनेक वंश मिसळलेले असतात आणि त्यांतून चांगला वंश वर काढायला निवड लागतेच. फक्त एकच वंश उरला की तिथून पुढे निवडीला काही गवसत नाही.

कोरेगाव तालुक्याचे दुसरे पीक म्हणजे आले. त्याच्याही पेशीत गुणसूत्रे 22 च, पण रीत अगदी निराळी. आल्याला फूल आपल्याकडे क्वचित येते, आणि आले तरी बी धरत नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास डोळे राखून गड्ड्याचे तुकडे लावतात, तेच बेणे. तिथे गुणसूत्रे निम्मी होणे नाही की दोघांची जुळणी नाही. पेशी आधी आपल्या गुणसूत्रांची दुप्पट करते आणि मग दुभंगते, एवढेच चालू राहते. त्यामुळे एका बेण्यातून वाढलेला सबंध प्लॉट म्हणजे एकच झाड हजारो ठिकाणी उभे असल्यासारखा.

चव आणि तिखटपणा यामुळे टिकतो, पण कंदकुजीला एक गड्डा बळी पडतो तसा शेजारचाही पडतो, कारण वेगळ्या घडणीचे भावंड सरीत कुठेच नसते. दोन जातींचा संकर करून रोगाला दाद न देणारे आले काढावे, तर बीच नाही. शिवाय कूज बेण्यातूनही पसरते आणि तिची सुरुवात काढलेल्या गड्ड्यावर नेहमी दिसतेच असे नाही. घेवड्याचे बी मळणीनंतर सुपात निवडता येते. आल्याचे बेणे मात्र पीक उभे असताना, पाला हिरवा आहे तोवर, निरोगी प्लॉट हेरूनच राखावे लागते.