गाडी पास की नापास?

दोस्तांनो, वर्षभरात तुमच्या परीक्षा किती होतात? घटक चाचणी, सहामाही, पुन्हा घटक चाचणी, मग वार्षिक. मध्येच बाईंच्या मनात आलं, तर तोंडीसुद्धा! आता समजा, कुणी येऊन म्हणालं, "बाळ, तुझी पहिली परीक्षा आजपासून पंधरा वर्षांनी." कसं वाटेल? आपण तर दप्तर माळ्यावरच टाकू!

असा एक भाग्यवान विद्यार्थी कदाचित तुमच्या अंगणातच उभा असेल. त्याला दोन चाकं आहेत आणि हँडलला बाबांचं हेल्मेट अडकवलेलं आहे. होय, मोटारसायकल! आपल्या देशात घरच्या वापराच्या मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, तेव्हापासूनचा हा नियम. ही १५ वर्षं संपली की गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवायची. निरीक्षक ती तपासतात आणि ठीक असेल तर आणखी ५ वर्षांची मुदत मिळते. आपल्याकडे सगळे याला 'पासिंग' म्हणतात. जालना जिल्ह्याच्या गाड्यांवर 'एमएच-२१' असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. शेजारचं छत्रपती संभाजीनगर २०, परभणी २२, बीड २३.

माझे दाजी बदनापूरला राहतात आणि रोज जालन्याला कामाला येतात. त्यांनी २००९ च्या दसऱ्याला एक स्पोर्ट्स मोटारसायकल घेतली. लाल रंगाची, पुढे वाकून बसायची, बाजूने प्लॅस्टिकचं कवच असलेली. त्या वेळी गल्लीतली पोरं ती नुसती बघायला यायची म्हणे! माझा भाचा जन्मला २०१० साली. म्हणजे ही गाडी त्याच्यापेक्षा वर्षानं मोठी. तो तिला 'ताई' म्हणतो.

तर २०२४ च्या सप्टेंबरात या ताईची पहिली परीक्षा आली. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. पंचवीस नंबरचा फॉर्म, विम्याचे कागद, पीयूसी, हजार रुपये फी. (ही फी आधी तीनशे होती, १ एप्रिल २०२२ पासून हजार झाली.) शिवाय हरित कर वेगळा. भाचा नववीत, शाळेला सुट्टी, म्हणून तोही आला. मी पण गेलो, कारण मला अशा ठिकाणी उगाच उभं राहायला आवडतं.

मैदानावर आमच्या पुढे सळया वाहणारा एक ट्रक उभा होता. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून असे ट्रक रोज निघतात. भाच्यानं ड्रायव्हरकाकांना विचारलं, "तुमची पण पंधरा वर्षांनी का?" काका मोठ्यानं हसले. "अरे, दरवर्षी यावं लागतं!" खरंच आहे ते. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांचा हिशेब वेगळा. नव्या ट्रकला दोन वर्षांचं योग्यता प्रमाणपत्र मिळतं. आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी, त्यानंतर दरवर्षी. त्याच रस्त्यावरून, त्याच ट्रकच्या पुढे पळणाऱ्या मोटारसायकलीला मात्र पंधरा वर्षं कुणी हात लावत नाही. तिची होते ती फक्त पीयूसी, म्हणजे धुराची चाचणी. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात आणि यंत्र आकडे दाखवतं. दाजींच्या गाडीच्या वयाच्या फोर-स्ट्रोक गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो आणि हायड्रोकार्बन दर दहा लाख भागांत ४५०० भाग. ही चाचणी चांगलीच आहे, पण ब्रेकबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात? ब्रिटनमध्ये १९६० साली ही तपासणी सुरू झाली, तीही दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी दहाचं सात केलं, आणि १९६७ मध्ये तीन. आज तिथे तीन वर्षांची झाली की मोटारसायकल दरवर्षी परीक्षेला बसते. जर्मनीत दर दोन वर्षांनी. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. त्याहून लहान इंजिनाला तिथेही सूट आहे बरं का! म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याचशा 'स्पोर्ट्स' गाड्या जपानमध्ये परीक्षेला बसल्याच नसत्या.

आता तुम्हाला वाटेल, या वेगवान गाड्या धडाधड नापास होत असतील. ब्रिटनमध्ये निकालाचे आकडे जाहीर होतात, आणि त्यांत उलटंच दिसतं. चारचाकी मोटारींपेक्षा मोटारसायकली कमी नापास होतात. का? मला वाटतं, मोटारसायकलवाला आपल्या गाडीवर जीव टाकतो. पुसतो, तेल घालतो, पावसात बाहेर काढत नाही. चारचाकीवाला फक्त पेट्रोल भरतो! आणि ज्या मोटारसायकली नापास होतात, त्यांच्यात सगळ्यांत जास्त दोष कशात निघतात, ओळखा पाहू? इंजिनात नाही. दिव्यांत!

हे वाचून ठेवा, कारण पुढे आमच्या ताईचंही तेच झालं.

निरीक्षकसाहेब आले. आधी त्यांनी चासी नंबर पाहिला. मोटारसायकलीच्या हँडलखालच्या मानेवर हा नंबर लोखंडात ठोकलेला असतो. त्याच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. नाण्यावर कागद ठेवून आपण छाप काढतो ना, अगदी तसंच. पंधरा वर्षांच्या धुळीखालून ती अक्षरं वर आली तेव्हा भाचा टाळ्याच वाजवायला लागला. नंबर कागदपत्रांशी जुळला. पहिला पेपर पास.

मग साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एक शब्दही न बोलता मागच्या टायरवर बोट ठेवलं. टायर मधोमध गुळगुळीत झाला होता. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. ही नक्षी शोभेची नसते. पावसात टायरखालचं पाणी तिच्या खाचांतून बाहेर फेकलं जातं. खाचा झिजल्या की पाणी मध्येच अडकतं आणि चाक रस्त्यावर न टेकता पाण्यावर तरंगतं. मग ब्रेक कितीही दाबा! टायर संपल्याचं कळायला फूटपट्टी नको. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलायची वेळ झाली.

दुसरं, सायलेन्सर. मूळचा काढून दाजींनी कधीतरी एक जाडजूड, फाडफाड आवाज करणारा बसवला होता. भाच्याला तो फार आवडायचा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की तो ओरडायचा, "पप्पा आले!" साहेबांनी एकदाच इंजिन चालू करायला सांगितलं आणि लगेच बंद करायला लावलं. कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरफार करायला कायद्यानं मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. स्पोर्ट्स गाडीची गंमत हीच आहे पाहा. कारखान्यातून ती अव्वल नंबरात पास होऊन येते, आणि नापास व्हायची तयारी आपण घरी करतो! आरसे काढायचे, नंबरप्लेट वाकडी करायची, इंडिकेटर छोटे लावायचे, हॉर्नमध्ये कुत्र्याचं भुंकणं भरायचं. दाजींनी एक आरसा काढलेला होताच. "पार्किंगमध्ये अडकतो हो," असं त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'आरसा'.

पुढचा ब्रेक चांगला निघाला. मागचा पायाचा ब्रेक साहेबांनी हातानं दाबला आणि मागे पाहिलं. पुन्हा दाबला, पुन्हा पाहिलं. मग भाच्याला म्हणाले, "बाळ, मागे उभा राहा. दिवा लागतो का सांग." भाचा उभा राहिला. "नाही लागत."

पुढचा ब्रेक दाबून पाहिला. "नाही लागत."

"किती दिवस बंद आहे?" साहेबांनी विचारलं. दाजी गप्प. त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार? गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. तो असतोच मुळी मागच्या माणसासाठी.

भाचा तेव्हा काहीच बोलला नाही. परत येताना गाडी गॅरेजवर सोडली आणि आम्ही बसस्टँडवर चहा घेत होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "मामा, पप्पा रोज रात्री येतात, तेव्हा मागे ते सळयांचे ट्रक असतात ना?"

मी त्याला खोटं सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून वहीच्या पानावर हिशेब केला. तुम्हीही करून पाहा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला तर मागचा ड्रायव्हर लगेच सावध होतो. दिवाच नसेल, तर गाडी मोठी मोठी दिसायला लागल्यावर त्याच्या लक्षात येणार. त्यात एक सेकंद जरी जादा गेला, तरी ट्रक १७ मीटर पुढे आलेला असतो. तुमच्या शाळेचे दोन वर्ग एकापुढे एक ठेवलेत तर साधारण तेवढं अंतर होईल. त्यानंतर ट्रकचा ब्रेक लागायला सुरुवात होणार. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं!

गॅरेजवर मिस्त्रींनी दिवा उघडला. बल्ब गेलेला होता आणि वायरीला गंज चढला होता. पायाच्या ब्रेकला एक छोटं बटण असतं, पेडल दाबलं की दिवा लावणारं. तेही चिखलानं अडकून बसलं होतं. सगळी दुरुस्ती तासाभराची. टायरला पैसे लागले, दिव्याला जवळजवळ काहीच नाही. मूळ सायलेन्सर घरी माळ्यावर, जुन्या गोधड्यांमागे सापडला. आत्यानं तो पंधरा वर्षांत तीनदा भंगारात द्यायला काढला होता. दिला असता तर जालन्याच्याच एखाद्या भट्टीत वितळून आज त्याची सळई झाली असती! कारण जालन्याच्या भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवतात आणि त्यातूनच नव्या सळया निघतात.

आठवड्यानं ताई पुन्हा मैदानावर गेली. नवा टायर, दोन्ही आरसे, जुना शांत सायलेन्सर. या वेळी मागे उभं राहायला भाच्याला कुणी सांगावं लागलं नाही. "लागला! पुन्हा दाबा. लागला!" असा तो ओरडत होता. गाडी पास झाली.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. गिअरची गाडी चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ पासून पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. "आमचा फक्त गल्लीत फिरवतो" हे मी अनेकदा ऐकलेलं आहे. रस्ता तर गल्लीच्या तोंडापासूनच सुरू होतो.

आणि मुलांनो, गाडी चालवता येत नसली तरी तपासता मात्र येते. अंधार पडला की बाबांना गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करायला सांगा. मग एकदा हाताचा ब्रेक दाबायचा, एकदा पायाचा. भिंत दोन्ही वेळा लाल उजळली पाहिजे. चावी फिरवणं आणि ब्रेक दाबणं बाबांचं काम, भिंत बघणं तुमचं. आणि इंजिन बंद करून नुकतीच ठेवलेली गाडी असेल तर सायलेन्सरला हात लावू नका, चांगलाच चटका बसतो!

भाचा हे रोज रात्री करतो. दाजी जालन्याहून आले की आधी भिंत, मग जेवण. फाडफाड आवाज आता येत नाही, म्हणून तो आठ वाजल्यापासून दारातच उभा असतो. ताईचं पुढचं पासिंग २०२९ मध्ये आहे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा असेल आणि परवानाही मिळालेला असेल. मैदानावर गाडी मीच नेणार, असं त्यानं आताच जाहीर करून टाकलंय. दाजींनी अजून होकार दिलेला नाही.