नाव मोठे, लक्षण खोटे

हापूसच्या पेटीत भलताच आंबा निघाला, तर रत्नागिरीकराला तो वासावरूनच कळतो. पण यंत्राच्या पोटातील इवल्याशा चिपला ना वास, ना चव!

भंगारातील सर्किटच्या पाट्या तापवून जुनी चिप उपटायची, तिच्यावरचे नाव घासून काढायचे, काळा लेप देऊन नवे नाव नि नवी तारीख छापायची, असा हा धंदा. अशी चिप पहिल्या दिवशी बहुधा चालते. म्हणूनच ती अधिक घातक. पुढे ऐन कामाच्या वेळी ती दगा देते. अमेरिकेच्या सिनेट समितीने २०१२ च्या अहवालात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली. लष्करी विमानेही त्यांतून सुटली नव्हती.

मग मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराने, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? अधिकृत विक्रेत्याकडून पावतीनिशी माल घ्यावा, हे तर झालेच. पण खरी मेख आराखड्यात आहे. कंपनीने बनवणे थांबवलेला भाग आराखड्यात राहिला, की त्याची टंचाई होते. आणि टंचाई दिसली, की बनावटवाला हजर! तेव्हा सहज मिळणारा, पर्याय असलेला भाग आधीच निवडावा. पुढच्या नुकसानीपेक्षा हे शहाणपण स्वस्त पडते.